खुर्चींतला गगनविहार

खेळ आणि अभ्यास हे दोघे आपल्या घरांतून फार दिवसांपासून भाऊबंदांसारखे नांदत आले आहेत. एकाला ओसरीवर जागा दिली कीं दुसऱ्यानें रुसून परसांत जाऊन बसावें, असा त्यांचा रिवाज. त्यामुळें ज्या खेळाबरोबर कित्येक शें पानांचें मार्गदर्शक पुस्तक येतें, ज्याला बसण्यापूर्वीं वाऱ्याची दिशा, इंधनाचें वजन आणि धावपट्टीचा अंक टिपून घ्यावा लागतो, आणि ज्यांत पहिले कित्येक दिवस शत्रूचें दर्शनहि घडत नाहीं, असा एक खेळ आमच्या घरीं आला तेव्हां त्याची गणना कोणत्या सदरांत करावी याविषयीं कुटुंबांत मतभेद झाला. आमचा भाचा त्याला खेळ म्हणे. आमची मंडळी त्याला नोकरी म्हणूं लागली. कारण, तिच्या मतें, इतकें जाड पुस्तक पुढें घेऊन मनुष्य बसतो तो पगाराच्या आशेनेंच बसतो. आम्हीं दोन्ही पक्षांचें ऐकून घेतलें व पुस्तक उघडलें.

विमानयुद्धाचे सिम्युलेटर या नांवानें हे खेळ ओळखले जातात. सिम्युलेटर या शब्दाला 'आभासयंत्र' असा प्रतिशब्द आम्हीं सुचवून पाहिला. पण तो उच्चारून पुरा होईपर्यंत विमान जमिनीला टेकतें, असा भाच्याचा अभिप्राय पडल्यामुळें परकी शब्दच चालूं द्यावा हें बरें. या खेळांचेहि दोन वर्ण आहेत. एका वर्णांत विमान हें वावडीसारखें असतें; बोट दाखवाल तिकडे वळतें, दारूगोळा संपत नाहीं आणि पंख मोडत नाहींत. दुसऱ्या वर्णांत विमानाला वजन असतें, हवेला घनता असते, इंजिन तापतें आणि चालकाच्या चुकीला क्षमा नसते. १९९८ सालचा 'फाल्कन ४.०', २००१ सालचा 'आय-एल-टू स्टर्मोविक' आणि आजकाल बहुतेक नवशिके ज्याच्या दारांतून आंत येतात तो 'डीसीएस वर्ल्ड' हे या दुसऱ्या वर्णाचे. आम्ही लिहीत आहों तें या वर्णाविषयीं.

या खेळाची कुळकथा मोठी मौजेची आहे. अमेरिकेंतील न्यूयॉर्क संस्थानांत बिंगहॅम्टन म्हणून गांव आहे. तेथें एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनविण्याचा कारखाना होता. विमान शिकण्याचा खर्च त्या काळीं भारी. तेव्हां लिंकनें वडिलांच्या कारखान्यांतील भाते आणि हवेच्या झडपा घेऊन १९२९ सालीं एक लाकडी ठेंगणें विमान बनविलें. भात्यांत हवा भरली कीं तें डुले, कले, वळे. उडे मात्र नाहीं. सैन्यानें त्याची दखल घेतली नाहीं आणि हीं यंत्रें करमणुकीच्या बागांतून पोरांना फिरविण्याच्या कामीं लागलीं. पुढें १९३४ च्या आरंभीं अमेरिकन सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहण्याचें काम आलें. धुक्यांत व रात्रीं केवळ कांट्यांकडे पाहून उडण्याची संवय नसलेले तरुण थोड्याच आठवड्यांत एकामागून एक मेले. तेव्हां सरकारनें लिंककडून सहा यंत्रें विकत घेतलीं. जत्रेंतलें खेळणें अशा रीतीनें पाठशाळेंत गेलें, आणि दुसऱ्या महायुद्धांत लाखों वैमानिकांनीं अंधारांतल्या उड्डाणाचा श्रीगणेशा त्याच निळ्या पेटींत बसून गिरविला. आतां प्रवाह उलटा वाहतो आहे. अमेरिकेच्या ए-टेन विमानाच्या वैमानिकांसाठीं संगणकावर शिकवणी तयार करण्याचें जें काम झालें, त्यांतूनच २०११ सालीं तें विमान घरगुती खेळाडूंच्या हातीं आलें. पाठशाळा पुन्हां जत्रेंत आली.

ज्या वाचकांस या मार्गाला लागावयाचें असेल त्यांनीं प्रथम पैशाची थैली आवळून धरावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. चित्रें भरभर काढूं शकणारा बऱ्यापैकीं संगणक हवा, आणि हातांत धरावयाची एक जॉयस्टिक हवी. संगणकाच्या कळफलकावर हें काम होत नाहीं. कळीला 'हो' आणि 'नाहीं' एवढींच दोन उत्तरें ठाऊक असतात, आणि विमान तर सारें या दोहोंच्या मधल्या प्रदेशांत उडतें. जी जॉयस्टिक मनगटानें पिळतांहि येते ती घेतली म्हणजे पायांच्या पेडलांचा खर्च तूर्त टळतो. इंजिनाची शक्ति कमीजास्त करण्याचा वेगळा थ्रॉटल, मान वळवितांच दृश्यहि वळविणारें टोपीवरचें यंत्र, डोळ्यांवर चढवावयाचा आभासी चष्मा हीं सारीं पुढच्या इयत्तांचीं पुस्तकें आहेत; पहिलींतल्या मुलाला तीं देऊं नयेत. 'डीसीएस'चा मूळ खेळ, काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्याचा कॉकेशसचा मुलूख आणि दोन विमानें फुकट मिळतात. त्यांपैकीं एक रशियन सुखोई-२५-टी. दुसरें टीएफ-५१डी, म्हणजे महायुद्धांतल्या प्रसिद्ध मस्टँगचा शिकाऊ अवतार. हा अवतार निःशस्त्र आहे. युद्धाच्या खेळांत पदार्पण करणाऱ्याला दाराशींच बंदुका नसलेलें विमान मिळावें, यांत आम्हांला खेळ रचणाऱ्यांचें शहाणपण दिसलें. आम्हीं तेंच घेतलें.

पहिली संध्याकाळ इंजिन सुरू करण्यांत जाते. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. बटणें नुसतीं रंगविलेलीं नसतात. एकेक बटण खरोखरच कशाला तरी जोडलेलें असतें. विद्युत् चालू करावी, इंधनाचा पंप लावावा, थंड इंजिनाला चार घोट पाजावे, मग स्टार्टर दाबून धरावा आणि पंखा फिरूं लागला, धूर निघाला, कीं मिश्रणाचा दांडा योग्य जागीं न्यावा. क्रम चुकला कीं यंत्र रागावत नाहीं. नुसतें गप्प बसतें. तें गप्प बसणें फार बोलकें असतें.

इंजिन चालू झालें म्हणजे लक्षांत येतें कीं आपल्याला पुढचें कांहीं दिसत नाहीं. मस्टँग शेपटीवर बसतें, त्यामुळें त्याचें लांब नाक आकाशाकडे असतें व धावपट्टी त्याच्या आड जाते. म्हणून वैमानिकानें नागमोडी चालावें; एकदां डावीकडून डोकवावें, एकदां उजवीकडून. दांडा मागें ओढून धरला तर शेपटीचें चाक सरळ राहतें, पुढें लोटला तर तें मोकळें फिरतें. उड्डाणाच्या वेळीं इंजिनाला पुरी शक्ति दिली कीं त्या फिरणाऱ्या पंख्याच्या जोरानें विमान डावीकडे खेंचूं लागतें, व उजवा पाय आधींच सावध नसेल तर धावपट्टी सोडून गवतांत शिरतें. शक्ति वाढवावयाची तर आधीं फेरे वाढवावे, मग दाब. कमी करावयाची तर आधीं दाब उतरवावा, मग फेरे. हा क्रम पाळणारा मनुष्य आणि न पाळणारा मनुष्य पहिल्या पांच मिनिटांत सारखेच उडतात. सहाव्या मिनिटाला इंजिन निवाडा करतें.

परंतु या विद्येचें मर्म उतरण्यांत आहे. चढणें हें शेवटीं इंजिनाचें काम; उतरणें हें माणसाचें. बाटुमच्या विमानतळावर समुद्राकडून यावें लागतें. खालीं निळें पाणी, समोर किनाऱ्याची रेघ, तिच्यामागें डोंगर. ताशीं १७० मैलांच्या आंत वेग आला म्हणजे चाकें बाहेर काढावीं, फ्लॅप उतरवावे, सुमारें १२० मैलांच्या वेगानें अखेरच्या सरळ मार्गावर यावें. येथें नवशिक्याचा हात आपल्या जन्माच्या अनुभवानें फसतो. विमान खालीं जातें आहे असें दिसतांच तो नाक वर उचलतो. कारण वर जावयाचें तर वर पाहावें असें त्याला लहानपणापासून वाटत आलें आहे. नाक उचललें कीं वेग घटतो, वेग घटला कीं पंखांना हवेचा आधार कमी पडतो, आणि विमान अधिकच खालीं बसतें. तो आणखी नाक उचलतो. मग एक पंख अचानक गळतो व समुद्र बाजूनें वर येतो. याला स्टॉल म्हणतात. नाकानें वेग सांभाळावा आणि इंजिनानें उंची, हें सूत्र पुस्तकांत दोन ओळींचें आहे. तें तळहातांत उतरण्यास आम्हांला तीन आठवडे लागले. ज्या दिवशीं तिन्ही चाकें एकदम टेकलीं आणि विमान गवताकडे न वळतां सरळ धांवत हळूहळू थांबलें, त्या दिवशीं रात्रीं साडेअकरा वाजतां आम्हीं घरांतील मंडळीला उठवून ती वार्ता सांगितली. तिनें "पगार कधीं?" एवढेंच विचारलें.

झुंजीचा अध्याय याच्यानंतर येतो. त्यांत पहिली गोष्ट जी कळते ती अशी कीं, बहुतेकांना मारणारा दिसतच नाहीं. जर्मन वैमानिक ओस्वाल्ट ब्योल्के यानें १९१६ सालीं आपल्या शिष्यांसाठीं थोडे नियम लिहून ठेवले होते: आधीं वरचढ स्थिति मिळवावी, सूर्य पाठीशीं ठेवावा, जवळ जाऊनच गोळी घालावी, प्रतिपक्ष्यावरची नजर ढळूं देऊं नये. आज संगणकावर झुंजणाऱ्या मुलांनाहि तेच नियम लागू पडतात, यावरून ते किती मुळाशीं जाऊन लिहिले होते हें दिसतें. (ते लिहिणारा स्वतः त्याच वर्षीं ऑक्टोबरांत आपल्याच एका सोबत्याच्या विमानाची टक्कर होऊन मेला.) उंची ही गांठीची पुंजी आणि वेग ही हातांतली रोकड, जोरानें वळणें म्हणजे खर्च करणें. ज्याची रोकड आधीं संपते तो हवेंत उभा राहतो, आणि उभा राहिला कीं संपला. फार जोरानें वळलें तर डोक्यांतलें रक्त पायांकडे उतरतें. खेळांतहि त्या वेळीं पडदा कडांकडून काळा होत जातो. झुंजीचें वर्णन याहून अधिक करण्याची आम्हांला हौस नाहीं. ती ज्याला हवी त्याला ती कोठेंहि मिळेल; आणि खरें सांगावयाचें तर उतरण्यापेक्षां ती सोपी आहे.

पावसाळ्यांत भाच्यानें एक नवें विमान विकत घेतलें: मिग-२१ बिस. हें २०१४ सालापासून या खेळांत आहे. कॉकेशसच्या किनाऱ्यावरून आमची कथा येथें एकदम नाशिकाकडे वळते याचें कारण त्या विमानांतच आहे. मिग-२१ हें १९६३ सालीं भारतीय वायुसेनेंत दाखल झालें आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंदीगडला समारंभपूर्वक निवृत्त झालें. मधल्या काळांत जीं आठशेंहून अधिक आपल्या वायुसेनेनें वापरलीं, त्यांतील बहुसंख्य आपल्याच देशांत, नाशिकजवळ ओझरला १९६४ सालीं उभारलेल्या हिंदुस्थान एरॉनॉटिक्सच्या कारखान्यांत बांधलीं गेलीं. त्या भागांतल्या दोन पिढ्यांना या विमानाचा आवाज शाळेच्या घंटेइतका परिचयाचा होता.

मस्टँगनंतर मिगमध्यें बसणें म्हणजे बैलगाडी सोडून तोफेच्या गोळ्यावर बसणें आहे. त्रिकोणी आंखूड पंख, चिंचोळें कॉकपिट, पुढें जाड चौकट, मागचें पाहावयास डोक्यावर बसविलेला लहानसा आरसा. जमिनीवर वळावयाचें तर दांड्यावरची ब्रेकची पट्टी दाबून पायानें एका बाजूचें चाक धरावें लागतें. आणि हा ब्रेक दाबलेल्या हवेवर चालत असल्यामुळें उगाच उधळपट्टी केली तर हवा संपून जाते. धावपट्टीला टेकतांना वेग ताशीं सुमारें ३०० किलोमीटर. शिवाय फ्लॅपांवरून इंजिनाची हवा फुंकून विमानाला उचलून धरण्याची योजना त्यांत आहे. म्हणजे जमीन दिसली म्हणून थ्रॉटल मिटला तर इंजिनाबरोबर तो आधारहि जातो. चाकें टेकेपर्यंत इंजिनाला जागें ठेवावयाचें. हें सारें करावयास हाताशीं वेळ असतो तो थोड्या सेकंदांचा.

आमच्या वरच्या मजल्यावर एक वृद्ध गृहस्थ राहतात; सारे त्यांना नाना म्हणतात. त्यांची सगळी नोकरी ओझरला, विमानाच्या सांगाड्यावर पत्रा बसविण्याच्या खात्यांत झाली. भाच्यानें त्यांना हौसेनें खालीं बोलावून आणलें. नाना बराच वेळ पडद्याकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "रंग बरोबर आहे. हाच निळसर हिरवा." थोड्या वेळानें त्यांनीं पडद्याच्या डाव्या कडेवर बोट ठेवलें. "ह्याच्या मागें हात जात नसे. बारीक हाताचा पोरगा शोधून आणावा लागे." यंत्राच्या आंतल्या बाजूनें विमान ओळखणारा मनुष्य आम्हीं प्रथमच पाहिला.

भाचा उडाला आणि उतरावयास आला. उंची जरा कमी होती. त्यानें थ्रॉटल मिटला असावा. धावपट्टीच्या अलीकडेच शेतांत विमान आपटलें आणि जळूं लागलें. त्यानें एक कळ दाबली. लगेच धावपट्टीच्या टोंकाला विमान उभें.

"हें कुठून आणलेंस?" नानांनीं विचारलें.

"कोणतें, आजोबा?"

"हें विमान."

"तेंच आहे. पुन्हां सुरू केलें."

नानांनीं वांकून शेपटीवरचा अंक वाचला. "नंबर तोच आहे," ते म्हणाले, आणि खुर्चीवर बसले. "आमच्याकडे बातमी आली कीं आधीं कोणी कांहीं बोलत नसे. आधीं नंबर विचारीत. नंबर कळला म्हणजे ज्यानें त्यानें मनांत हिशेब करावा, तें विमान चाललें होतें तेव्हां आपण कोणत्या पाळीला होतों."

भाच्यानें दांड्यावरचा हात काढला.

२०१२ सालीं संरक्षणमंत्र्यांनीं संसदेंत सांगितलेले आंकडे असे आहेत: रशियाकडून घेतलेल्या मिग जातीच्या ८७२ विमानांपैकीं १९७१-७२ पासून त्या वर्षाच्या एप्रिलपर्यंत ४८२ अपघातांत गेलीं, आणि १७१ वैमानिक मेले. या आंकड्यांत मिगच्या सर्वच जाती आहेत, हें खरें; तथापि त्यांतील मोठा भार मिग-२१ वरच होता. संथ शिकाऊ विमानावरून उतरलेल्या तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलाला एकदम या वेगाच्या हवालीं करूं नये, मध्यें एक पायरी असावी, अशी शिफारस ला फाँतेन समितीनें १९८२ सालीं केली होती. ती पायरी, म्हणजे हॉक जातीचीं शिकाऊ जेट विमानें, यावयास २००८ साल उजाडलें. मधल्या सव्वीस वर्षांत जे गेले त्यांच्यांत फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ होते. २००१ च्या सप्टेंबरांत राजस्थानांत सुरतगडाजवळ रात्रीच्या उड्डाणांत त्यांचें मिग-२१ पडलें. त्यांच्या मातोश्री कविता गाडगीळ यांनीं पुढें विमानांच्या सुरक्षिततेसाठीं जाहीरपणें जो झगडा दिला तो पुष्कळांच्या स्मरणांत असेल. वर्तमानपत्रांत आम्ही तें सारें वाचीत होतों, हळहळत होतों आणि पान उलटीत होतों. जमीन समोरून वर येत असतां थ्रॉटल मिटूं नये, असें आपल्या हाताला बजावणें म्हणजे काय, हें त्या वाचनानें आम्हांला कळलें नव्हतें. खुर्चींत बसून तरी किती कळलें, हा प्रश्न वेगळाच आहे. खुर्ची हलत नाहीं, घशाला कोरड पडत नाहीं, आणि खालीं कोणाची आई वाट पाहत नसते. हात मात्र थोडासा शिकतो. आणि तो शिकला म्हणजे बातमीचा अर्थ त्याला डोळ्यांआधीं लागतो.

नाना येऊन गेल्यापासून आमच्या घरीं एक नियम झाला आहे. विमान पडलें कीं त्या दिवसाचें उड्डाण संपलें. कळ दाबावयाची नाहीं. या पंथांतले पुष्कळ जण असा नियम आपण होऊन पाळतात असें भाचा म्हणतो. त्या एका नियमानें सारा खेळ बदलून गेला. पूर्वीं शत्रु दिसला कीं भाचा त्याच्यावर तुटून पडे. आतां आधीं इंधनाचा कांटा पाहतो, घर किती दूर आहे तें पाहतो, आणि दोहोंचा मेळ बसेना कीं पाठ फिरवून निघून येतो. "मामा, तुम्ही तर झुंजतच नाहीं," असें तो आम्हांला पूर्वीं हिणवीत असे; हल्लीं तो स्वतःच आठवड्यांतले चार दिवस नुसता उडतो आणि उतरतो. आमच्या मंडळीनेंहि नोकरी हा शब्द सोडला आहे.

नाना रविवारीं येतात. दांड्याला ते हात लावीत नाहींत. उड्डाणांत त्यांना गोडी नाहीं. भाच्याला ते विमान सुरू करावयास लावतात, एकेक बटण कशाला जोडलेलें आहे तें सांगतात, इंजिनाच्या आवाजाकडे मान कलती करून ऐकतात, आणि मग बंद करावयास सांगतात. बंद करण्याचा क्रमहि त्यांना बरोबर हवा असतो. थ्रॉटल मिटल्यावर फेऱ्यांचा कांटा हळूहळू खालीं येऊं लागतो. तो शून्यावर टेकेपर्यंत ते भाच्याला संगणकावरून उठूं देत नाहींत.